पहिल्या फेरीतलं चित्र, दुसऱ्या फेरीतला आवाज

कोल्हारला आमचा फोटो स्टुडिओ होता. नवरा कॅमेरा घेऊन लग्नांना जायचा, कॅसेट जोडून तयार करायचं काम माझ्याकडे. आधी ते मी दोन व्हीसीआरवर करायची. नव्वदचं दशक संपता संपता पुण्याहून कॉम्प्युटर आणला आणि त्यात व्हिडिओचं कार्ड बसवून घेतलं. कार्डाच्या एका सॉकेटातून चित्र आत यायचं, दुसऱ्यातून बाहेर टीव्हीकडे जायचं. आवाज मात्र वेगळ्या वायरीनं साउंड कार्डात न्यावा लागे. हे मुद्दाम सांगते, कारण माझी चूक तिथंच झाली.

एका सकाळी दोघी मायलेकी दुकानात आल्या. मुलगी दोन वर्षांपूर्वी राजूरला दिलेली. तिच्या लग्नाचं शूटिंग आम्हीच केलं होतं. वडील साखर कारखान्यात होते, महिन्यापूर्वी अचानक गेले. आईनं पिशवीतून कॅसेट काढली. पेटीत ओल लागून टेपवर पांढरी बुरशी चढली होती.

"फोटो हायेत ताई घरात," ती म्हणाली. "पन बोलताना फकस्त ह्याच्यातच हायेत."

कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट आम्ही पुढच्या लग्नाला वापरून टाकली होती. तेव्हा सगळेच तसं करत. मी ते सांगितलं.

बुरशीची टेप फिरली की व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या हेडवर राड बसते, टेप अडकते, तुटतेही. म्हणून एकदाच लावायची आणि पंगतीचा भाग कॉम्प्युटरात घ्यायचा असं ठरवलं. सव्वाअकरा झाले होते. बाराला लाईट जायची. यूपीएसवर कॉम्प्युटर चालला असता, व्हीसीआर नाही, आणि टेप आत ओढलेली असताना तो बंद पडला असता तर सगळंच संपलं असतं.

टेप सुरू केली. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले गेले, पंगत बसली. मी रेकॉर्डिंग चालू केलं. पडद्याच्या तळातून पांढऱ्या रेघा वर चढत होत्या. मग मुलीचे वडील आले, हातात भाजीची बादली. कॅमेरा दिसला तसे थांबले, बादली खाली ठेवली आणि हसून म्हणाले, "मला कशाला घेता? पोरीला घ्या की. उद्या ती कुठं हाय इथं?"

मुलीनं पदर तोंडाला लावला. मी टेप बाहेर काढली आणि कॉम्प्युटरातलं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. चित्र होतं. आवाज नव्हता. आवाजाची वायर मी शेजारच्या सॉकेटात घातली होती. टीव्हीला आवाज थेट व्हीसीआरमधून मिळत होता, त्यामुळे ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हणाले. "चित्र आलंय, आवाज नाही आला. पुन्हा लावावी लागेल, आणि टेप टिकेल की नाही सांगता येत नाही."

"नको आई," मुलगी म्हणाली. "आलंय तेवढं ऱ्हाऊ दे."

आईनं कॅसेट माझ्यापुढं सरकवली. "नुसतं चित्र घेऊन काय करू? लावा ताई."

व्हीसीआरचं झाकण उघडून मी स्पिरिटनं हेड पुसला. वायर काढून नीट घातली, दोनदा तपासली. टेप पंगतीपर्यंत मागं घेऊन पुन्हा लावली तेव्हा बाराला दहा कमी होते. या वेळी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या, माणूस ओळखू येईना. पण आवाज येत होता. बादली ठेवल्याचा ठण्ण आवाज, मग त्यांचं हसणं, मग ते वाक्य. वाक्य संपतंय तोच टेप किंचाळली. मी बटण दाबलं. कॅसेट बाहेर आली ती चुरगळलेल्या टेपचं भेंडोळं घेऊनच. मी फाइल सेव्ह केली आणि चार-पाच मिनिटांत लाईट गेली.

लाईट यायला चार वाजले. तोवर दोघी बाकावरून हलल्या नाहीत. मी भाकरी दिली, ती दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली.

मग पहिल्या फेरीतल्या चित्राखाली दुसऱ्या फेरीतला आवाज जोडायला घेतला. ओठ आणि शब्द जुळेनात. शेवटी बादली जमिनीला टेकते ती फ्रेम शोधली आणि तो ठण्ण बरोबर तिथं आणून ठेवला. पुढचं आपोआप जागेवर बसलं.

कार्डातून ते टीव्हीवर सोडलं. आई खुर्ची ओढून अगदी पुढं बसली. तीनदा पाहिलं. मुलगी मागं उभी राहून रडत होती, आई रडली नाही.

"एवढं बारीक न्हाई बोलायचे ते," ती म्हणाली. "जरा मोटं करा."

मी आवाज वाढवला. खरखरही वाढली, पण तिला तिचं काही वाटलं नाही.

"हां," ती म्हणाली. "आता बराबर हाय."