तांबड्या मफलरचा धागा

चिंचवडला आमच्या कंपनीची बस जिथं थांबायची, तिथंच कोंबड्यांची एक शेड होती. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. पिल्लांची खोकी आली की तो दारात बसून एकेक पिल्लू तळहातावर उभं करून बघायचा. काहींचे पाय फाकलेले असत. ती पोटावरच पडत. मालक म्हणायचा, "असली टाकून दे." म्हातारा ती आपल्या पाटीत ठेवायचा. मग गळ्यातला तांबडा मफलर उसवून धागा काढायचा, दातानं तोडायचा आणि दोन्ही पाय जवळ घेऊन सैलसा बांधायचा. चोच गूळपाण्यात बुडवायचा. पिल्लू उभं राहिलं की धागा सोडायचा.

ऐन थंडीत मफलर आखूड होत चालला.

"मामा, तुमच्या गळ्याचं काय?" मी एकदा विचारलं.

"मला चालता येतंय की," तो म्हणाला.

एका सकाळी त्यानं सदऱ्याच्या आत उबेला ठेवलेलं पिल्लू बाहेर काढलं, ते गार पडलेलं होतं. भिंतीकडेला खड्डा करून त्यानं ते आत ठेवलं, पुन्हा उचललं आणि नखानं पायांची गाठ सोडू लागला. बसचा हॉर्न वाजत होता, तरी मी थांबलो.

"आता कशाला सोडताय?"

"मानूस गेल्यावर त्याचा करदोडा तोडत्यात का न्हाई? बांधल्या पायानं कुटं जाईल ते?"

माती लोटून झाल्यावर त्यानं तो धागा झटकला आणि पाटीतलं दुसरं पिल्लू मांडीवर घेतलं.