पाठमोरा वार्नो

दुपारी जेवून वामनराव पेडणेकर कवळी पाण्याच्या वाटीत ठेवतात आणि ज्येष्ठमधाची कांडी चोखत आडवे होतात. आवाजाच्या धंद्यातली जुनी सवय. छातीवर आजचा पेपर. फ्रेंच नट एतिएन वार्नो गेला. ‘त्याचा खर्जातला आवाज मराठी मनात कायम राहील,’ असं छापलंय. वार्नोचा कसला आवाज! मराठीत त्याचे चोवीस चित्रपट वामनराव बोलले, आणि लेखात त्यांचं नाव औषधालाही नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यांचं काय जातं?

“पेपरवाल्यांना फोन करा की,” बायको, सुलूताई, आतून म्हणतात.

“उठल्यावर.”

डोळा लागतो. खाट आता डबिंगच्या खोलीत आहे. चपला बाहेर, घड्याळ काढलेलं. माइकला खुट्टदेखील चालत नाही. शेजारी वार्नो उभा आहे.

“कांडी देता? घसा बसलाय,” तो म्हणतो, वामनरावांच्याच आवाजात.

वामनरावांचं डोकं फिरतं. “साहेब, माझा आवाज घेऊन मिरवलात. एकदा तरी म्हणायचं होतंत, हा पेडणेकरांचा!”

वार्नो कांडी चावतो. “लेखाचा मथळा वाचलात?”

वाचला होता: ‘आई, दार लावू नकोस, मी येतोय.’

खोलीला भिंती नाहीत. त्या वाक्याच्या प्रसंगातली, पडद्यावरचीच ती दफनभूमी, आणि आईच्या खड्ड्यापाशी वार्नो पाठमोरा. वामनरावांना आठवतं. डबिंगचा दिग्दर्शक म्हणाला होता, “पाठ आहे, ओठ दिसत नाहीत. रिकामं वाटतंय, भरा काहीतरी.” त्यांनी हेच वाक्य भरलं. थिएटरं रडली होती.

“मी तिथे काहीच बोललो नव्हतो,” वार्नो वळत नाही. “माझी खरी आई आठ दिवसांपूर्वी गेली होती. पटकथेत वाक्य दिलं होतं, ते मी भांडून काढायला लावलं. उभ्या जन्मात तेवढंच काम मला धड जमलं. तुमच्याकडे ते कोणी पाहिलंच नाही.”

“लोकांना आवडलं,” वामनराव पुटपुटतात.

“तेच तर.”

वामनरावांना माफी मागायची आहे. तोंड उघडतं, पण आवाज त्याच्याकडे आहे.

जाग येते तेव्हा खिडकीत चारचं ऊन आहे. कांडी पेपरवर पडली आहे, आणि तिच्या टोकावर पुढच्या दातांचे खोल, ताजे व्रण. कवळी वाटीत, पाण्याखाली.

“लावू का फोन?” सुलूताई चहा ठेवतात. “मथळ्यातलं वाक्य तुमचं आहे, सांगा ठणकावून.”

वामनरावांचं तोंड कडू झालंय.

“नको,” ते म्हणतात. “आज तरी त्याला गप्प राहू दे.”