लहानूचं बेअरिंग

लकडगंजात आरा मशिनींच्या रांगेमागे मारोतराव धकात्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, टिनाची एक खोली, कोपऱ्यात भट्टी, मधोमध जुना लेथ आणि भिंतीला एक फळी. त्या फळीवर एका बेअरिंगचा अर्धा तुकडा सव्वीस वर्षं पडून होता. आतला पांढरा धातू वितळून ओघळलेला आणि तसाच थिजलेला. गिऱ्हाईक येवो, नवा मिस्त्री येवो की कुणी नुसतं चहा प्यायला येवो, मारोतराव तो तुकडा खाली काढायचे आणि म्हणायचे, "हे पाहा, लहानूचं बेअरिंग. तेल टाकलं नाही तर असं होते."

ऐकून ऐकून गल्लीत तो शब्दच रुळला. कुणी कामात हयगय केली की दुसरा म्हणे, "लहानूचं बेअरिंग करशील गा." म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी लहानूला कधी पाहिलंही नव्हतं. माणूस गाव सोडून गेला तरी त्याची बदनामी मागे राहून अशी सुखाने नांदते, आणि तिला कुणी भाडंही मागत नाही.

मारोतरावांचा धंदा बेअरिंग भरण्याचा. शाफ्ट ज्या गोल घरात फिरतो ते घर झिजलं की त्यात पांढरा धातू वितळवून ओतायचा आणि मग तो हाताने खरवडून शाफ्टच्या मापाचा करायचा. शाफ्टला निळी फासून तो आत फिरवायचा, जिथे निळी उमटेल तिथे धातू उंच आहे असं समजायचं, आणि स्क्रेपरने तेवढाच केसभर काढायचा. पुन्हा निळी, पुन्हा स्क्रेपर. असं चाळीस-पन्नास वेळा. शेवटी शिशाची बारीक तार मध्ये दाबून तेलापुरती फट राहिली की नाही ते बघायचं. या कामात मारोतरावांचा हात धरणारा माणूस नागपुरात नव्हता. हे तेही जाणून होते आणि लपवतही नव्हते. डोक्यावरची टोपी तिरपी ठेवायचे आणि बोलायचे मोजकंच. त्यांचा एक नियम होता: भार खाली, तेल वर. बेअरिंगचे दोन अर्धे, एक वरचा, एक खालचा; शाफ्टचं वजन खालच्या अर्ध्यावर येतं, म्हणून तेलाची नाली नेहमी वरच्या अर्ध्यात कोरायची. त्यांच्या उस्तादाने हे सांगितलं होतं आणि त्या नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

लहानू चाचेरे त्यांचा जोडीदार. दोघेही भिवापूरचे, एकाच वर्गात नापास झालेले आणि एकाच एसटीने नागपूरला आलेले. मारोतराव भट्टीला लागले, लहानू कळमन्याच्या एका डाळ मिलमध्ये तेलवाला झाला. हातात लांब चोचीची कुपी घेऊन दिवसभर मशिनींभोवती फिरायचं आणि प्रत्येक बेअरिंगच्या वाटीत तेल भरायचं, एवढंच त्याचं काम. पण ते काम तो असं करायचा की मालक गमतीने म्हणत, लहानू स्वतःच्या पोटाआधी मशिनीचं पोट बघतो. दर रविवारी तो मारोतरावांकडे जेवायला यायचा. मारोतरावांची मुलगी नंदिनी त्याच्या मांडीवर बसून पाढे म्हणायची.

त्या मिलमध्ये एक मोठा गिअर होता. वर्षानुवर्षं एकाच बाजूला फिरून त्याचे दात एका अंगाने झिजले होते. मालक नवा गिअर मागवायला निघाले, तेव्हा मारोतरावांनीच त्यांना थांबवलं. "मोटर उलटी फिरवा. दाताचं दुसरं अंग कोरंच आहे. दहा वर्षं काढंल." मोटरच्या दोन तारा अदलून बदलल्या, गिअर उलटा फिरू लागला, डाळ पहिल्यासारखीच निघाली. मालकाने सगळ्यांसमोर मारोतरावांची पाठ थोपटली. लहानूने तर गल्लीभर सांगितलं की माझ्या दोस्ताचं डोकं इंजिनियरचं आहे.

वीस दिवसांत त्या गिअरचं बेअरिंग जळलं. मारोतरावांनी पुन्हा भरलं, पुन्हा नियमाप्रमाणे वर नाली कोरली. महिन्याने पुन्हा जळलं. तिसऱ्यांदा जळलं तेव्हा मिलच्या अंगणात सगळे कामगार गोळा झाले आणि मालक मारोतरावांना म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, दोष कोणाचा?"

मारोतरावांनी दोन्ही अर्धे उचलून पाहिले. खालच्या अर्ध्यावर त्यांच्या स्क्रेपरच्या खुणा जशाच्या तशा होत्या. वरचा अर्धा मात्र पार वितळलेला. लहानू शेजारी उभा होता, हातात कुपी होती. "मी तेल टाकलं होतं," तो म्हणाला. "मारोत्या, तुले तं माहीत आहे."

मारोतराव खोटं बोलले नाहीत. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं. "तेल वर असते. वरचं जळलं, म्हणजे तेल नव्हतं."

एवढंच वाक्य. मारोतरावांच्या शब्दावर शंका घेणारं त्या अंगणात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून लहानूला कामावर घेतलं नाही. मालकाने वैतागून तो गिअरबॉक्सच भंगारात काढला आणि बॉल बेअरिंगचा नवा आणला, त्यामुळे दुसऱ्या तेलवाल्याच्या हातूनही तेच जळलं असतं हे कुणाला कळायला वावच राहिला नाही. लहानू पुढच्या रविवारी जेवायला आला नाही. नंतर कळलं की तो बायकोला, रुखमाबाईला घेऊन भिवापूरला परत गेला. मारोतरावांना राग होता की आपल्या भरलेल्या बेअरिंगला त्याने बट्टा लावला. त्या रागातच त्यांनी तो वरचा अर्धा आणून फळीवर ठेवला.

नंदिनी पुढे खरंच इंजिनियर झाली. आता ती एका कॉलेजात मशीन डिझाइन शिकवते, तिचा चष्मा बापाच्या चष्म्याहून जाड आहे. मारोतरावांना मोतीबिंदूने घेरलं, हात कापायला लागले, तेव्हा यंदाच्या दिवाळीआधी दुकान मोकळं करायचं ठरलं. सामान आवरता आवरता नंदिनीने फळीवरचा तुकडा उचलला.

"बाबा, हा मी पोरांना दाखवायला नेऊ? यावरूनच गणित घालते त्यांना. माप सांगा."

मारोतरावांना बरं वाटलं. पोरीने बापाला आकडे विचारावेत, आणखी काय पाहिजे. शाफ्टची जाडी, गिअरचे दात, मिनिटाला फेरे, मोटर किती हॉर्सपॉवरची, सगळं त्यांना पाठ होतं. स्टुलावर बसून ते सांगत गेले आणि नंदिनी मांडीवर वही घेऊन लिहीत गेली.

"गिअर कुठल्या बाजूला फिरायचा?"

"आधी सुलटा. मंग मीच उलटा करवला," मारोतराव हसून म्हणाले. "दात वाचवले मी त्याईचे."

नंदिनीने गिअरचं चित्र काढलं, दातावर एक बाण काढला. मग बराच वेळ नुसते आकडे. दुपारचा चहा आला, तिचा तसाच राहिला.

"काय झालं वं? जमून नाही राहिलं काय?"

"जमलं," ती म्हणाली. पण वर पाहिलं नाही.

"मंग?"

"बाबा, शाफ्ट बेअरिंगला टेकत नसतो. फिरता फिरता तेल पाचरीसारखं खाली शिरतं आणि शाफ्टला उचलून धरतं. भार किती, फेरे किती, तेल किती घट्ट, फट किती, एवढं माहीत असलं की तो थर टिकंल का तुटंल हे काढता येतं. पण जिथं भार आहे तिथंच नाली असली, तर तेलाचा दाब नालीतून निसटून जाते. थर धरतच नाही."

"म्हणून तं मी नाली वर करतो. भार खाली, तेल वर."

"भार खाली कोणी ठेवला बाबा?" नंदिनीने वही त्यांच्याकडे वळवली. "मोटरकडचा हा लहान गिअर मोठ्याला बाजूनं ढकलते. सुलटा फिरे तेव्हा दात त्याला खाली दाबत. तुम्ही फिरकी उलटी केली, तसे दात त्याला वर रेटायला लागले. शाफ्ट आणि गिअर मिळून ऐंशी किलो. दातांचा रेटा तीनशे किलोच्या घरात. शाफ्ट वर उचलला गेला बाबा. भार वरच्या अर्ध्यावर आला. नालीवर."

मारोतरावांना चित्रातलं नीट दिसत नव्हतं. पण त्यांनी तुकडा हातात घेतला आणि बोट आत फिरवलं. वितळलेल्या धातूखाली नालीचा कोपरा अजून लागत होता.

"तुम्हीच शिकवलं मला," नंदिनी हळू म्हणाली. "घासते तिथंच भार असते. तेल नसतं तरी आधी भाराचाच अर्धा जळला असता. खालच्यावर तर तुमच्या खुणा होत्या ना?"

होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी त्या मनात जपल्या होत्या, अभिमानाने. निळी कुठे उमटली यावरून केसभराचा उंचवटा ओळखणारा माणूस, आणि इतका मोठा डाग हातात धरून जगाला उलटी गोष्ट सांगत राहिला. मारोतरावांना रडू आलं नाही. त्यांना लाज वाटली, इतकी की मुलीसमोर बसवेना. ते उठून भट्टीकडे तोंड करून उभे राहिले. भट्टी केव्हाच थंड झाली होती.

"लहानूकाकानं तेल टाकलं होतं बाबा," मागून नंदिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुकडा पिशवीत घातला आणि उमरेडमार्गे भिवापूरला जाणारी बस धरली. नंदिनी येते म्हणाली तर नको म्हणाले. वाटेत त्यांनी मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली.

लहानू ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसला होता. भिवापुरी मिरचीचा ढीग, एका बाजूला देठ. अंगाने अर्धा झालेला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं, ओळखलं, आणि पोतं झटकून बसायला टाकलं. "या मारोतराव. बसा." मारोत्या म्हणणारा लहानू त्यांना मारोतराव म्हणाला, आणि जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच विस्कटली.

"वहिनी कुठं आहे?" मारोतरावांनी विचारलं.

"चार वर्षं झाले तिले जाऊन."

मारोतरावांनी पिशवीतून तुकडा काढून मिरच्यांशेजारी ठेवला. लहानूने तो बघितला आणि खाली मान घातली. "कायले आनलं गा हे," तो म्हणाला. "मी कबूल केलं आता. मीच विसरलो होतो."

"काय विसरला?"

"तेल टाकाचं. सुरवातीले लय भांडलो मी सगळ्याईशी. मंग एक दिवस रुखमानं इचारलं, माह्या गळ्याची शपथ, खरं सांगा. म्हनलं, सारा मिल म्हन्ते, मारोत्यासारखा मानूस म्हन्ते, कुठवर नाही म्हनू? सांगून टाकलं, हो, डोळा लागला होता. तिले राग नाही आला. म्हने, खरं बोलले न, बस झालं. मंग मलेही तसंच आठवाले लागलं. लिंबाखाली बसलो, डोळा लागला. तिन्ही खेपा."

मारोतरावांनी सांगायला सुरुवात केली. गिअर, उलटी फिरकी, दातांचा रेटा, वर उचललेला शाफ्ट. आपणच सुचवलेली ती युक्ती. आपण कोरलेली नाली. लहानू ऐकत होता, हात देठ खुडत होते. गणित त्याला कळत नव्हतं, आणि मारोतरावांनाही ते नंदिनीसारखं सांगता येत नव्हतं. शेवटी त्यांनी गणित सोडलं आणि म्हणाले, "चूक माही होती, लहानू. तुही नव्हती."

लहानूचे हात थांबले. "म्हंजे मी तेल टाकलं होतं?"

"टाकलं होतं."

"तिन्ही खेपा?"

"तिन्ही खेपा."

मारोतरावांना वाटलं, आता हा शिव्या देईल, हाकलून देईल. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. लहानूने धोतराच्या सोग्याने हात पुसले.

"मंग रुखमाजवळ मी खोटं बोललो," तो म्हणाला. "गळ्याची शपथ घालून इचारलं होतं तिनं."

तीनशे किलोचा रेटा कुठे लागतो ते नंदिनीने काढून दाखवलं होतं. आपल्या त्या एका वाक्याचा रेटा कुठे लागला असेल, ते काढायचं कसं?

"आत फोटो आहे तिचा," लहानू म्हणाला. "तुमी सांगा तिले. माह्या तोंडून आता तिले खरं नाही वाटनार. तुमच्या शब्दावर साऱ्याईचा भरोसा होता."

मारोतराव वाकून आत गेले. भिंतीवर रुखमाबाईचा फोटो, कुंकू ठसठशीत लावलेलं, नजर थेट समोर. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मिलच्या अंगणात भरल्या माणसांसमोर त्यांना एक वाक्य बोलायला क्षणही लागला नव्हता. इथे समोर एकच बाई, आणि तीही फोटोतली. "वहिनी," एवढंच म्हणून ते अडले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग ते रडले, तोंडावर टोपी दाबून.

बाहेरून लहानूची हाक आली. "मारोत्या, सांगतलं काय गा?"

"सांगून राहिलो," मारोतराव म्हणाले.