कोट राहू दे खुंटीवर

मी माफ करणाऱ्यांतली नाही. लहानपणी शेजारच्या मुलीने माझी नवी सायकल मुद्दाम गटारात घातली होती, तर पुढे तिच्या लग्नाला जाऊन मी न जेवता परत आले. ताई म्हणायची, "तू डूख धरतेस." धरते. ती स्वतः कधीच धरत नाही, म्हणून तिच्या वाटणीचाही मलाच धरावा लागतो.

ताई लग्नानंतर इंग्लंडला गेली, रीडिंगला. भावोजी सॉफ्टवेअरमधले, वर्क व्हिसावर. ताईचा व्हिसा त्यांच्या व्हिसाला टांगलेला. एका हिवाळ्याच्या तोंडावर ते तिला म्हणाले, "जरा पुण्याला जाऊन ये, आईबाबांना बरं वाटेल." निघताना ती कोट घालायला लागली. तिचा आवडता कोट होता तो, मरून रंगाचा, लोकरीचा, चॅरिटी शॉपमधून, म्हणजे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला. त्याचं एक बटण तुटलेलं होतं, म्हणून तिने आईच्या बटणांच्या डब्यातलं एक मोठं पितळी बटण मागवून लावलं होतं. बाकीची काळी, हे एकच पितळी. तर भावोजी म्हणाले, "कोट राहू दे की खुंटीवर. टॅक्सी दारात आहे, पुण्यात कोट काय करशील? तू परत येशील तेव्हा मी एअरपोर्टवर घेऊन येतो ना."

ताईला हे ऐकून कोण आनंद झाला. आमच्याकडे नवऱ्याने बायकोच्या कोटाचा एवढा विचार करणं म्हणजे फारच झालं. पुण्यात उतरल्यावर पहिली गोष्ट तिने आम्हाला हीच सांगितली.

परतीच्या तारखेच्या आधी त्यांचा फोन आला की येऊ नकोस. आपलं जमत नाही, मी इथे तसं कळवलं आहे. तिचा व्हिसा त्यांच्या एका शब्दावर होता, तो गेला. म्हणजे कोट राहू दे म्हणाले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. दारात उभं राहून, हसत हसत.

नवरा गेल्याचं ताईने सोसलं. तिला सोसलं नाही ते दुसरंच. रीडिंगच्या मराठी मंडळात ती रमली होती. गणपतीत शंभर माणसांच्या मोदकांची उकड तिच्या हातची असायची. त्या सगळ्या मैत्रिणींना भावोजींनी सांगितलं की तिला इथलं जमलंच नाही, एक दिवस मला टाकून निघून गेली. आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. एकीनेही फोन केला नाही. ताई मला म्हणाली, "मला तो नको गं परत. पण मी गेले नाही, एवढं तरी कुणीतरी त्यांना सांगा."

मी तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. ऑफिसात मला बेंगळुरूचा चांगला प्रोजेक्ट मिळत होता. मी हट्ट करून ब्रॅकनेलचा मागून घेतला. ब्रॅकनेल ते रीडिंग ट्रेनने अर्धा तासही लागत नाही, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

मंडळात गेले तर भावोजींनीच स्वागत केलं. "ही माझी मेहुणी बरं का! संसार मोडला म्हणून नाती मोडत नाहीत." लोकांना गहिवरून आलं. मला त्यांच्या अंगावर चहा ओतावासा वाटला, पण चहा कोमट होता.

मंडळात त्यांचा मान होता तो रसिक म्हणून. निवेदन त्यांचं, गायक ठरवायचे त्यांनी, पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची. गाणं सुरू झालं की डोळे मिटून मांडीवर ताल, जागेवर "वा!", आणि शेवट दुःखाचा असला की हमखास खणखणीत "वन्स मोर!" संगीत नाटकांपासून आपल्याकडे चालत आलेली ती आरोळी या माणसाने थेम्सकाठी जिवंत ठेवली होती, त्याचं कौतुक होतं. कुठल्याही गावच्या जत्रेत सोडला असता तरी तो पहिल्या रांगेतच सापडला असता.

मी सांगून पाहिलं. मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकूंना गाठून कोटापासून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाळा, दोन्ही बाजू असतात. आणि तू तिची बहीण, तू तिचंच सांगणार." बरोबरच होतं. बहिणीच्या साक्षीला किंमत नसते, हे मला तिथे कळलं.

मग दिवाळीचा कार्यक्रम आला. भावोजींबरोबर एक मुलगी आली, नागपूरकडची, नुकतीच रीडिंगला नोकरीला लागलेली. दोघांचं ठरल्यात जमा आहे असं लोक बोलत होते. तिच्या अंगावर मरून कोट होता. पितळी बटणाचा. मी हॉलच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघून म्हणाले, आता बघच.

पण बघणार काय? माझ्या हातात काही नव्हतं. ते आलं ऑफिसच्या कँटीनमधून.

आमच्या ऑफिसात एचआरला एक बाई होती, पन्नाशी उलटलेली, मूळची ब्रिस्टलची. आठवडाभर लोकांच्या रजा मंजूर करायची आणि रविवारी दुपारी ब्रॅकनेलच्या एका सोशल क्लबात अमेरिकन काउबॉयांचं कंट्री म्यूझिक गायची. मला आधी त्याचं हसूच आलं होतं. या गावात ना गाय, ना घोडा, फक्त गोल चौक, राउंडअबाउट्स. आणि क्लबात निवृत्त बस ड्रायव्हर काउबॉयची हॅट घालून बिअर पीत बसलेले. पण एकदा तिने आग्रहाने नेलं आणि तिचं एक गाणं ऐकून माझं हसू जागच्या जागी जिरलं. त्या गाण्यांत काहीच लपवलेलं नसतं. बाई, घर, सोडून गेलेला माणूस, टेबलावरचा कप. सरळ सांगायचं आणि ऐकणाऱ्याला पळायला जागा ठेवायची नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी तिने विचारलं, चेहरा का असा? मी सांगितलं. तिने सँडविच खाली ठेवलं. "कोट ठेवून जा म्हणाला? त्याने स्वतः?" मी हो म्हटलं. दोन बाजूंचं ती काही बोलली नाही. नंतरच्या आठवड्यात तिने मला कार पार्कमध्ये गाडीत बसवलं आणि स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून एक नवं गाणं म्हणून दाखवलं. ताईने कधी ब्रॅकनेलला पाऊलही ठेवलं नव्हतं, पण त्या गाण्यातून ती गाडीत येऊन बसली. मी हमसून रडले.

रडून झाल्यावर मी विचारलं, "हे त्याच्यासमोर गाशील?"

ती म्हणाली, "गाईन. पण त्याच्याकडे बघणार नाही. ज्याच्यावर गाणं आहे त्याच्याकडे कधी बघायचं नसतं. त्याच्या शेजारी बसलेल्याकडे बघायचं."

भावोजींना आणणं सोपं होतं. रसिकाला बोलावणं पुरतं. "भावोजी, माझी कलीग गाते, कंट्री. तुम्ही यायलाच हवं, इथे दुसरं कुणाला कळतंय!" लगेच कळी खुलली. "अगं, म्यूझिकला लँग्वेज नसते! आपण मंडळाची ट्रिपच काढू." आणि काढलीच. चार-पाच कुटुंबं, काकू, ती नागपूरची मुलगी, अशी सगळी वरात त्यांनी स्वतः ब्रॅकनेलला आणली. पुढचं टेबलही स्वतः अडवलं. मुलीने कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. मी मागे भिंतीपाशी उभी राहिले. मला सगळ्यांचे चेहरे बघायचे होते.

क्लबाचा सेक्रेटरी माईकवर म्हणाला, "बेस्ट ऑफ ऑर्डर, प्लीज." दुःखाच्या गाण्याआधी तिथे असं म्हणतात, मग कुणी ग्लाससुद्धा वाजवत नाही. माझी कलीग स्टूलवर बसली. हॅट नाही, बँड नाही, नुसती गिटार.

खुंटीवर एक कोट आहे, अशी सुरुवात. दार उघडलं की वाऱ्याने हलतो, वाटतं ती आली. मग ध्रुवपद: कोट राहू दे खुंटीवर, थंडीच्या आत येशीलच तू घरी. दुसऱ्या कडव्यात बटण, बाकीच्यांशी न जुळणारं, आईच्या डब्यातलं. तिसऱ्यात त्या बाह्यांमध्ये दुसरेच हात. एवढंच. आवाज मोठा नाही, घासलेला, आणि 'घरी' या शब्दावर तो दर वेळी थोडा कमी पडायचा, जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसा. माल मीच पुरवलेला होता, मी आधी ऐकलंही होतं, तरी मी भिंतीला टेकले. समोरून, हाताच्या अंतरावरून कुणी असं गायला लागलं की चलाखी चालत नाही. एक म्हातारा हॅट काढून मांडीवर घेऊन बसला होता.

मी भावोजींकडे बघितलं. ते रडत होते.

खाई त्याला खवखवे म्हणतात. या माणसाला काही म्हणजे काही खवखवत नव्हतं. 'ती मला टाकून गेली' हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत होतं. कोट घरात, बाई नाही, म्हणजे दुःखी कोण? तेच! माझ्या बहिणीचं दुःखही या माणसाने आपल्या नावावर करून घेतलं होतं. माझ्या हाताच्या मुठी वळल्या. सगळं वाया गेलं असं वाटलं.

गाणं संपलं, टाळ्या सुरू व्हायच्या आत भावोजी ओल्या गळ्याने ओरडले, "वा! वा! वन्स मोर!"

क्लबातल्या माना वळल्या. इंग्रज माणसं असल्या गाण्यानंतर असं काही करत नाहीत. सेक्रेटरी उठायला लागला. पण गाणारी गोड हसली. म्हणाली, "सरांना पुन्हा हवंय? जरूर." आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी आणखी सावकाश, शब्द न् शब्द सोडवून, नागपूरच्या मुलीकडे बघत.

पहिल्यांदा मंडळी नुसतं ऐकत होती. आता ती ते गाणं समोरच्या माणसांना लावून बघायला लागली. ध्रुवपद आलं तशी काकूंनी मान वळवली, आधी माझ्याकडे, मग खुर्चीच्या पाठीवरच्या कोटाकडे. हा कोट ताईच्या अंगावर पाहिलेल्या एकीचा हात वेफर्सच्या पाकिटात तसाच राहिला. बटणाचं कडवं आलं. त्या मुलीने मागे हात नेऊन बटणं एकेक चाचपली. पितळी बटणावर तिचा हात थांबला. तिलाही भावोजींनी काहीतरी खोटं सांगितलं असणार, तिच्याबद्दलचा माझा राग तिथेच संपला. ती उठली, आवाज न करता दारातून बाहेर गेली. नोव्हेंबरची दुपार, अंगात पातळ कुर्ता. कोट तिने तिथेच ठेवला.

भावोजींनी डोळे मिटलेले. मांडीवर ताल चालू.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा शेजारी रिकामी खुर्ची आणि कोट होता, आणि अख्खं टेबल त्यांच्याकडे बघत होतं. म्हाताऱ्या इंग्रजांच्या टाळ्या पडत होत्या. आमच्यातल्या कुणीच वाजवली नाही.

काकू मराठीत, स्पष्ट म्हणाल्या, "काय हो, कोट ठेवून जा असं तिला तुम्हीच सांगितलंत ना?"

"अहो काकू, काहीतरीच! गाणं आहे हे, जस्ट अ साँग—"

"गाण्याला दोन बाजू नसतात," काकू म्हणाल्या आणि पर्स उचलून उठल्या. बाकीची मंडळीही उठली. इतका गोड आवाज खुर्च्या सरकण्याचा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. संक्रांतीच्या कार्यक्रमाला माईक दुसऱ्याच्या हातात होता आणि मधल्या खुर्चीवर कुणाची तरी सासू बसली होती. पण ते पुढचं. त्या दुपारी मी फक्त पुढे गेले, खुर्चीवरून कोट काढला, त्यांच्या डोळ्यांत बघत सावकाश अंगात घातला आणि सगळी बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो रडला?"

"रडला."

"माझ्यासाठी?"

"नाही. स्वतःसाठी."

"मग ठीक आहे. मला वाटलं, सुधारला की काय." मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि त्या सगळ्यांना कळलं ना गं, मी गेले नव्हते?"

"कळलं," मी म्हटलं. "दोनदा कळलं. वन्स मोर त्यानेच दिला."