वनमालाबाई पाखरं बघायला जातात

वनमालाबाईंच्या दारातून उपाशी परत गेलेलं माणूस बिंदुसरा नदीच्या काठानं शोधून सापडणार नाही. मीटर बघायला आलेला लाइनमन, चुकून बेल वाजवलेला कुरिअरवाला, सगळ्यांना काही ना काही तोंडात टाकूनच पुढे जावं लागतं. पंचायतीच्या निवडणुकीत यजमानांच्या, म्हणजे राधाकिशनरावांच्या, विरोधी पॅनलची पोरं प्रचाराला दारात आली, तीही पोहे खाऊन गेली. राधाकिशनराव त्या वेळी थोडक्यात पडले. त्यात पोह्यांचा हात होता, असं ते अजून म्हणतात.

धरणाची भिंत त्यांच्या गच्चीवरून दिसते. लग्न होऊन वनमालाबाई चौसाळ्याहून इथं आल्या तेव्हापासून दर हिवाळ्यात पहाटे घरावरून एक आवाज जायचा. घोगरा, जुन्या सायकलच्या भोंग्यासारखा, एकाला दुसरा उत्तर देत गेल्यासारखा. त्या पिठाचे हात घेऊन अंगणात येईपर्यंत आवाज धरणाकडं निघून गेलेला असे. कुणाला विचारलं तर, असतील कायतरी पाखरं, एवढंच उत्तर. ज्यांच्या आवाजावर इतकी वर्षं भाकरी थापल्या, त्यांचं तोंड एकदा बघावं असं त्यांच्या मनात होतं. पण घरात हे सांगायचं कुणाला? राधाकिशनरावांना सांगितलं असतं तर चार लोकांत त्याचा विनोद झाला असता.

मग मुलाचं, रविराजचं लग्न झालं आणि पुण्याची आरोही सून म्हणून आली. तिला पक्ष्यांचं वेड. जानेवारीत शनिवार-रविवार जोडून ती रविराजला आणि धनश्री नावाच्या मैत्रिणीला घेऊन आली, गळ्यात दुर्बिणी अडकवून. तिनं मोबाइलवर एक आवाज लावला आणि वनमालाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. तोच आवाज. पट्टकादंब, आरोही म्हणाली, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, हिमालय ओलांडून येतात. पहाटे काठाला असतात, ऊन चढलं की मधल्या पाण्यात जातात.

"मला दाखवशील का गं?" वनमालाबाईंनी हळूच विचारलं. सुनेकडं काही मागायची ही पहिलीच वेळ.

शनिवारी अंधारात सगळे तयार झाले. वनमालाबाईही ठेवणीतली शाल घेऊन तयार होत्या. फक्त चार धपाटे टाकून येते म्हणाल्या. चाराचे किती झाले ते तव्यालाच ठाऊक. त्यात दही बांधायचं राहिलं, मग चटणी आठवली. पोरं गाडीत थांबून थांबून अवघडली, तेव्हा त्यांनीच, तुमी व्हा म्होरं, मी ह्यांच्या मोटरसायकलवर येते, असं सांगून टाकलं. त्या धरणावर पोचल्या तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. पाण्याच्या मध्यभागी मोहरी सांडल्यासारखे ठिपके दिसत होते. आरोहीनं दुर्बीण दिली, पण वनमालाबाईंना तिच्यातून आपल्याच पापण्या दिसल्या.

"पाखरं न्हाई तर न्हाई, म्हशी तर दिसल्या," राधाकिशनराव धपाटा खाता खाता म्हणाले.  धपाटे मात्र झकास झाले होते.

रात्री जेवणं झाल्यावर आरोहीनं सासूला बाजूला घेतलं. उद्या शेवटचा दिवस, संध्याकाळी आम्ही निघणार. उद्या रिकाम्या हातानं यायचं, चूल पेटवायची नाही. वनमालाबाई कबूल झाल्या आणि शब्दाला जागल्या. चूल पेटली नाही. शाल तेवढी पोटाशी जरा फुगलेली दिसत होती, पण थंडीच अशी होती की कुणी लक्ष दिलं नाही.

काठच्या बाभळींआड खडकावर सगळे बसले. पाण्यावर धुकं होतं. हळूहळू उजाडलं तशी समोरच्या गाळात राखाडी आकृत्या हलायला लागल्या आणि तो आवाज आला, या वेळी डोक्यावरून नाही, समोरून. पाखरं चरत चरत त्यांच्याकडंच येत होती. अजून थोडी पुढं आली की पट्टे दिसतील, आरोही कानात कुजबुजली. रविराज कॅमेऱ्याला डोळा लावून बसला.

वनमालाबाईंनी श्वास रोखला. आणि नेमकी त्यांची नजर शेजारी बसलेल्या धनश्रीवर गेली. पोरगी थंडीनं काकडत होती, ओठ सुकलेले. सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही. लोकाची लेक आपल्या दारची पाहुणी. वनमालाबाईंनी पाखरांकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, परत पाखरांकडं बघितलं. मग शालीखालून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला.

झाकण घट्ट बसलेलं. त्यांनी नखानं, मग पदरानं, मग गुडघ्यात धरून जोर लावला. झाकण उडालं ते खडकावर आदळलं आणि उतारानं ठणठणत पाण्यापर्यंत गेलं.

सगळा थवा एकदम उठला. रविराज झाकणाकडं बघत राहिला, आरोहीनं डोळे मिटून घेतले. पाखरं मात्र आधी काठाकडं झेपावली आणि बाभळींवरून, वनमालाबाईंच्या थेट डोक्यावरून वळली. एवढी खालून, की पंखांचा वारा लागला. त्या मान वर करून उघड्या तोंडानं बघत होत्या. पांढरी डोकी, त्यावर काजळानं ओढल्यासारखे दोन काळे पट्टे, पोटाशी घेतलेले नारिंगी पाय.

थवा लांब गेला. वनमालाबाईंनी डबा धनश्रीपुढं धरला.

"गेली बाई पाखरं," त्या म्हणाल्या. "कायबी न खाताच."

आधी आरोहीला हसू फुटलं, मग तिनंच दोन लाडू उचलले.

पोरं संध्याकाळी परतीच्या, मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागली. सोमवारी पहाटे वनमालाबाई भाकरी थापत होत्या आणि घरावरून आवाज आला. तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्या अंगणात गेल्या, आवाज पार विरेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

राधाकिशनरावांनी ताटातली भाकरी उलटीपालटी करून बघितली. इतक्या वर्षांत असलं काही त्यांच्या ताटात आलं नव्हतं.

"करपली कावून?"

"भाईर गेलते," वनमालाबाई म्हणाल्या, आणि तीच भाकरी त्यांच्याकडं सरकवली.