नऊ लाखांवरची रेघ

कोरड्या पाटीवर पेन्सिल दाबून फिरवली की दातांतून एक कळ जाते. भाद्रपदातल्या त्या तीन आठवड्यांत मात्र त्या कर्कश आवाजासाठी मी कान टवकारून बसे. कुसुमच्या अंथरुणाकडून तो आला की माझा श्वास मोकळा होई.

कुसुम माझी बारा वर्षांची एकुलती लेक. तिला विषमज्वर झाला होता. तिचे वडील मुंबईला, आणि पावसाळ्यामुळे आगबोटी बंद. डॉक्टरांनी सांगितले होते, एकवीस दिवस काढायचे, आणि पोरीचे भान सुटत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. पण भानावर डोळा ठेवायचा कसा? मी मुलींच्या शाळेतली मास्तरीण; यादी केल्याशिवाय मला भीतीसुद्धा धड वाटत नाही. मी वही आखली : वेळ, ताप, औषधाचे थेंब, बार्लीचे पाणी. शेवटचा रकाना भानाचा.

आजारी पडण्याआधी ती रोमन आकडे शिकली होती आणि मोठमोठ्या संख्यांचे तिला वेड लागले होते. सी म्हणजे शंभर. त्याच्या डोक्यावर आडवी रेघ ओढली की त्याचा लाख होतो. एवढीशी रेघ आणि हजारपट सामर्थ्य! रोज सकाळी मी एक संख्या वहीत लिही, तिला वाचून दाखवी, आणि तिने ती पाटीवर रोमनमध्ये लिहायची. रेघ जागेवर असली की रकान्यात ‘ठीक’. रोमन लोकांपाशी शून्याला चिन्हच नव्हते, हे मला कुसुमनेच सांगितले होते. त्या दिवसांत मला त्यांचा हेवा वाटे. आपल्याला शून्य लिहिता येते, म्हणूनच का ते आपल्याला जागोजागी दिसते? आवरलेल्या अंथरुणात, वर्गातल्या मोकळ्या बाकावर, हजेरीपटात खोडलेल्या नावात?

सतराव्या सकाळी ताप एकशेचार होता. मी नऊ लाख सांगितले. पाटी हातात आली : सी आणि एम. वर रेघ नाही. नऊशे! पाटी उजेडाकडे तिरकी धरली, तरी रेघ दिसेना. शेजारच्या काकूंना तिच्यापाशी बसवून मी अनवाणीच डॉक्टरांकडे धावले. भाट्याच्या किनाऱ्याकडून समुद्राची गाज येत होती आणि ती माझ्याच डोक्यात चालली आहे असे वाटत होते.

डॉक्टरांनी घरी येऊन कुसुमला नाव विचारले, वार विचारला, समोर बसलेल्या काकू कोण ते विचारले. तिने सारे बरोबर सांगितले. मग त्यांनी वही चाळली आणि माझ्यापुढे धरली.

“बाई, तुम्ही झोपून किती दिवस झाले?”

त्या दिवशीची संख्या माझ्याच अक्षरात होती : नऊशे. मी नऊशे लिहिले होते, नऊशेच वाचले होते, आणि नऊ लाख सांगितले असे धरून चालले होते. भान सुटले होते ते माझे! मग औषधाच्या थेंबांचे काय? ज्या हाताने नऊशे लिहिले, त्याच हाताने मी ते रोज मोजत होते. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून उरलेले औषध ताडून पाहिले. ते बरोबर होते.

कुसुम हे सारे पाहत होती.

“पाटी घे गो आई. आता मी सांगते, तू लिही. दहा लाख.”

मी एम काढला, वर रेघ ओढली. तिने पाटी डोळ्यांजवळ नेली.

“रेघ वाकडी आहे,” ती म्हणाली. “पण भान आहे तुला.”

भानाच्या रकान्याचे मी दोन भाग केले, एक तिचा, एक माझा. रोज आधी ती मला संख्या सांगे, मग मी तिला. भीती कमी झाली असे मी म्हणणार नाही. ती दोघींत वाटली गेली, एवढेच. एकविसाव्या सकाळी तिला दरदरून घाम आला, अंग निवले, आणि मला संख्या सांगायची विसरून ती झोपी गेली. मी कोरी पाटी मांडीवर घेतली आणि ती जागी होईपर्यंत तिच्या छातीवरची चादर वरखाली होताना पाहत राहिले.