अनंत लागला का?

आमची डोंबिवलीची बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हणून ऐन डिसेंबरात रिकामी करायला लावली. फांद्या लावायच्या त्या पावसाळ्यात, हे बिल्डरला कोण सांगणार? तिथे पंपाच्या खोलीमागे आईने लावलेला अनंत होता. जागा भलतीच. फुलं काढायची तर शेवाळावरून जावं लागायचं, आणि तिथेच का लावला हे विचारलं की आई विषय बदलायची. झाड तर आता तुटणारच होतं. पण नव्या बिल्डिंगच्या दारात हाच अनंत हवा, असं तिने ठरवून टाकलं आणि पाच फांद्या कापून माझ्या हातात दिल्या. तिच्या भाड्याच्या घराची खिडकी उघडली की समोर भिंत. माझ्या बाळकुमच्या फ्लॅटमध्ये उजेड आहे, म्हणून हे माझ्या गळ्यात.

"काही करायचं नाहीये गं," ती म्हणाली. "वाळू मिसळलेल्या मातीत खोच, एकदाच पाणी घाल, वरून प्लास्टिकची पिशवी बांध. आतली ओल आतच राहते. पावसापर्यंत विसरून जा."

विसरून जा म्हणे. आणि स्वतः रोज सकाळी साडेसातला, मी डबा भरत असताना फोन करून विचारायची, "लागला का?"

मातीच्या आत काय चाललंय हे मला कसं कळणार? वागळे इस्टेटमध्ये मी मशीनचे सुटे भाग तपासते. खोका उघडून बघितल्याशिवाय सही करत नाही. जे दिसत नाही ते ठीकच असेल, असं मानायची मला सवयच नाही. आठव्या दिवशी पिशवी सोडली आणि एक फांदी हलकेच वर ओढली. खाली काही नव्हतं. परत खोचली. मग रोजच एकेक बघू लागले.

दोन फांद्या काळ्या पडल्या, तिसरीला बुरशी आली. मोबाइलवर एकजण सांगतो दालचिनी लावा, दुसरा सांगतो मध, तिसरी कोरफडीचा गर. मी चौथीला तिन्ही लावली. ती कुजली, वर मुंग्या झाल्या. इतकी चीड आली की कुंडी खाली नेऊन ओतावी असं वाटलं.

मग जानेवारीत पाचवीला पोपटी पान फुटलं. मी फोनवर सांगून टाकलं, लागला. आईने ते दुपारपर्यंत जुन्या शेजारणींना कळवलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. ओढून बघितलं, तर मूळ नावाला नाही; तशीच परत खोचली. फांदीत होता नव्हता त्या रसावर पान फुटलं होतं. स्वतःचा संताप आला, आईचाही आला. तिने रोज विचारलं नसतं तर मी कशाला बघितलं असतं? आणि दुसरी फांदी आणायला आता झाडही नव्हतं.

रविवारी आई लागलेला अनंत बघायला आली. तिने पिशवी सोडलीच नाही. फांदीभोवती मातीत बोटभर रुंद भोक पडलं होतं, तेवढं बघितलं.

"किती वेळा उपटलीस?"

"दोनदा."

तिने पिशवीवरूनच त्या भोकाकडे बोट दाखवलं.

"दहा-बारा वेळा असेल," मी म्हणाले.

वाटलं होतं रागावेल. तिने चहाचा कप खाली ठेवला. "तुझे बाबा असेच होते. मुळं आली का, मुळं आली का. तीन फांद्या मारल्या त्यांनी. चौथी मी त्यांना न सांगता पंपाच्या खोलीमागे लावली."

निघताना तिने कुंडी कापडी पिशवीत घातली.

"अगं, तुझ्याकडे उजेड कुठे आहे?"

"उजेड कमी असला तरी चालेल," ती म्हणाली. "तुझे हात नकोत."

कुठे ठेवलीय ते सांगत नाही. मागच्या रविवारी गेले तेव्हा मी खिडकी, मोरी, कपाटामागची जागा, सगळं शोधलं. आता सकाळी साडेसातला मीच फोन करते आणि विचारते, लागला का. ती म्हणते, डबा भरलास का?